बाबांच्या टॅबवरची वंदना

माझं काम काय, हे मी आईला चार-पाच तऱ्हांनी सांगून पाहिलंय. "नवं लिखाण जुन्या कॉम्प्युटरला कळेल असं करून देते," हे त्यातल्या त्यात तिला पटलं. त्यावर ती म्हणाली, "मग त्यांनी नवे कॉम्प्युटर घ्यावेत की. तुला कामून जुंपून राहिले?" तिचं म्हणणं बरोबर होतं, फक्त ते माझ्या साहेबांना ऐकवायची सोय नव्हती.

कंपनी पुण्याची. मी लातूरला, सासरी, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून काम करते. वेबपेजं ज्या जावास्क्रिप्टमध्ये लिहितात, तिच्यात दरवर्षी काहीतरी नवं येतं. पुण्यातली पोरं-पोरी ते हौसेनं वापरतात, चार ओळींचं काम एका ओळीत उरकतात. आणि मग तेच पान कुठल्यातरी तालुक्याच्या गावी जुन्या कॉम्प्युटरवर उघडलं की पांढरं फटक. जुन्या ब्राउझरला एक खूण अनोळखी लागली की तो विचारत बसत नाही, सगळंच फेकून देतो. मग ते माझ्याकडे येतं, जुन्या चालीत बसवून द्या म्हणून. बरोबरीच्यांनी नवनवं बांधायचं आणि मी म्हाताऱ्या मशिनींची चाकरी करायची, याचा मला लई राग यायचा. साहेब म्हणायचे, "तुमची या कामाला नजर चांगली आहे." कपाळ माझं. नजर कसली, बाकी कुणी हात लावायला तयार नव्हतं म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं होतं.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. घर नांदेडला, पण नोकरीची बहुतेक वर्षं अहमदपूरच्या स्टँडवर गेली. खिडकीत बसायचं आणि माइकवरून गाड्या सांगायच्या. रविवारी नांदेडला आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात वंदना द्यायची. वस्तीतली लग्नं, नामकरणं, गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन, कुठंही असो, पुढं बसणार बाबाच. ते एक ओळ म्हणत, मागून सगळे म्हणत, मग ते पुढची ओळ घेत. माइक स्टँडवरचा असो की विहारातला, आवाज एकच. आम्ही दोघी बहिणी त्यांना चिडवायचो, "बाबा, त्रिशरण झाल्यावर फलाट नंबर सांगू नका हां." ते रागावल्यासारखं करायचे आणि जेवताना स्वतःच हसायचे.

त्यांच्या घशात गाठ निघाली. नांदेडला दाखवलं, मग लातूरला माझ्याकडे आणलं. डॉक्टर म्हणाले, गाठ अशा ठिकाणी आहे की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. बाबांनी एकच विचारलं, "कुजबुज तरी?" डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. बाबा म्हणाले, "बरं." मी मात्र जिन्यात जाऊन रडले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी भेटीच्या वेळेला ते मला म्हणाले, "मोठे, तुझा फोन काढ. वंदना भरून घे."

मी फोन त्यांच्या उशाशी धरला. त्यांनी पहिली ओळ म्हटली आणि थांबले. मला वाटलं, घसा दुखतोय. मी म्हटलं, "पाणी देऊ का?"

"पाणी नको. म्हणा की."

"कोण?"

"तू, तुझी आई. मागून कुणी म्हटल्याबिगर मी पुढं कसा जाऊ?"

मग मी आणि आई म्हणायला लागलो. बाजूच्या खाटेवर अहमदपूरकडचे एक म्हातारे शेतकरी होते, त्यांनाही घशाचाच आजार. ते मघापासून कान देऊन होते. त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "स्टँडवर नांदेडची गाडी तुम्हीच सांगायचे का हो?"

बाबा म्हणाले, "हाव."

"तरीच. मघाशी तुम्ही सुरू झालात अन् गाडी लागली वाटून मी पिशवीच बघून राहिलो."

सगळा वॉर्ड हसला. मग ते म्हातारेही आमच्या मागून म्हणू लागले. त्यांना पाली येत नव्हतं. आईनं म्हटलेलं ऐकायचे आणि तिच्यामागून, अर्धी ओळ उशिरा, जमेल तसं म्हणायचे. बाबा त्यांचं पुरं होईपर्यंत थांबायचे आणि मगच पुढची ओळ घ्यायचे. शेवटचं आशीर्वादाचं मंगल झालं, सगळ्यांनी "साधु, साधु" म्हटलं आणि मी फोन पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला खालून औषधं आणायला पाठवलं. दुकानासमोर गर्दी. मी वर आले तेव्हा बाबांची खाट रिकामी होती, त्यांना आत नेलं होतं. चपला तेवढ्या खाटेखाली होत्या.

ऑपरेशन चांगलं झालं. गळ्याला भोक राहिलं, त्यावर आई पांढरं सुती फडकं बांधायची. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, तेही आणलं. त्यातून घूं घूं असा आवाज यायचा. बाबांनी ते दोन-तीनदा लावून पाहिलं आणि कपाटात ठेवून दिलं. धाकटीनं तिचा कॉलेजातला जुना टॅब त्यांना लिहायला दिला होता, त्यावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, "हे माणूस न्हाई बोलत. माशी बोलून राहिली." तेव्हापासून तो टॅब हीच त्यांची जीभ. उशाशी टॅब, हातात टॅब, विहारात टॅब. मी नवा घेऊन गेले तर लिहिलं, "ह्याच्यावर शिकलो. आता पुन्हा शाळा न्हाई."

एकदा घरात बोलणं निघालं की बाबा आवाजात शेवटचं काय बोलले. आई म्हणाली, "मला विचारलं, गॅस बंद करून आलीस का?" धाकटी म्हणाली, "मला फोनवर म्हणाले, स्कूटी हळू चालव." दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मला काही आठवेना. वंदना आठवत होती, पण ती सगळ्यांची. मला म्हणून ते शेवटचं काय बोलले? मी लई डोकं खाजवलं, आठवलंच नाही. सकाळी तर मी औषधाच्या दुकानासमोर उभी होते. बाबांना विचारावं असं मनात यायचं, पण त्यांना तरी कशाला आठवायला लावायचं? ते मनात सलत राहिलं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

बाबा विहारात जायचे, पण पुढं बसायचे नाहीत. मागं, दाराशी, जिथं सगळ्यांच्या चपला असतात तिथं भिंतीला टेकून बसायचे. वंदना दुसरं कुणी द्यायचं, बाबांचे ओठ हलायचे. कुणी "दादा, पुढं या" म्हटलं की ते हातानं नको म्हणायचे. लहानपणापासून ज्या माणसाला पुढं बसलेलं बघितलं, त्याला चपलांजवळ बघवायचं नाही. मी नांदेडला गेले की रविवारी विहारात जायचंच टाळायला लागले.

मग धाकटीचं लग्न ठरलं. पाहुणे अर्धापूरचे, केळीच्या बागा असलेलं घर, माणसं साधी. बैठकीत नवरदेवाच्या काकांनी अगदी चांगल्या मनानं म्हटलं, "वंदनेची काळजी नका करू, आमच्या गावचे बौद्धाचार्य येतील." बाबांच्या हातात टॅब होता. त्यांनी तो मांडीवर उपडा ठेवला. धाकटीनं ते बघितलं. पाहुणे गेल्यावर ती आईला म्हणाली, "बाबा वंदना देणार नसतील तर मी मांडवात उभी राहत न्हाई." आई म्हणाली, "अगं, ते देणार कसे?" धाकटी म्हणाली, "ते ताईला विचार. ती जुन्यावर नवं चालवायचं काम करती ना?"

धाकटीला वाटतं मी जादू करते. पण फोनमध्ये बाबांची वंदना होती, हे खरं होतं.

तुम्ही म्हणाल, मग लावायचं ना रेकॉर्डिंग, त्यात काय मोठं? तेच मी आधी सुचवलं. बाबांनी लिहिलं, "लोक मागून म्हणून राहिले तर ते थांबल का?" तेही खरंच. त्या दिवशी दवाखान्यात आम्ही तिघं होतो, मांडवात दोनशे माणसं. त्यांत म्हातारी असतात, लेकरं असतात, कुणी मागून सूर ओढतं. देणारा थांबतो, ऐकतो, मग पुढं जातो. बाबांची सगळी कला त्या थांबण्यात होती.

म्हणून मी एक पान बनवायला घेतलं. प्रत्येक ओळीला एक मोठं बटण. रेकॉर्डिंगमध्ये बाबांची ओळ कुठं सुरू होते, कुठं संपते, त्याच्या खुणा करून ठेवल्या; शेवटच्या मंगलाची खूण झाली आणि मी ऐकणं तिथंच थांबवलं. बटण दाबलं की बाबांची तेवढीच ओळ वाजणार. मधलं आमचं, त्या म्हाताऱ्यांचं म्हणणं गाळायचं. लोकांचं म्हणून झालं की बाबा पुढचं बटण दाबणार. थांबणं त्यांच्या हातात राहील. बाबांना हे पटलं. फक्त एवढंच लिहिलं, "टॅब हाच. नव्या फोनला पिन घालायचं भोक न्हाई. विहाराची वायर कुठं खुपसू?"

लातूरला बसून मी ते लिहिलं, धाकटीला पाठवलं. तिनं टॅबवर उघडलं आणि मला फोटो पाठवला. पांढरं फटक. मला हसावं की रडावं कळेना. दिवसभर लोकांना ज्याचं शहाणपण शिकवते, तेच माझ्या घरात. सवयीनं मी सगळं नव्या चालीत लिहिलं होतं आणि तो टॅब धाकटीच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षातला, त्याचा ब्राउझर कधीचा नवा व्हायचा थांबला होता.

हे जुन्या चालीत बसवायचं एक हत्यार असतं. त्यात नवं लिखाण घातलं की ते त्याच अर्थाची लांबलचक जुनी वाक्यं करून देतं. पण ते फक्त वाक्यं बदलतं. काही वस्तूच जुन्याकडे नसतात, त्या वेगळ्या बांधून सोबत पाठवाव्या लागतात. खेड्यात लग्नाला जाताना तिकडं अंथरूण मिळणार नाही म्हणून आपण घरून वळकटी नेतो ना, तसं. मी वाक्यं बदलून घेतली, वळकटी बांधली, लॅपटॉपवर जुन्या ब्राउझरचं सोंग घेऊन बघितलं. चाललं. धाकटीला पाठवलं.

थोड्या वेळानं तिचा फोन आला. ती रडत होती. "ताई, वाजलं. बाबांचा आवाज आला गं." मागून आईच्या हुंदक्यांचा आवाज. मीही इकडं लॅपटॉपसमोर रडले. ऑपरेशननंतर त्या घरात बाबांचा आवाज पहिल्यांदा आला होता. बाबांनी टॅब बंद करून छातीशी धरला, असं धाकटीनं सांगितलं.

आणि आमच्यापैकी एकाही शहाण्यानं दुसरं बटण दाबून बघितलं नाही.

लग्नाच्या आठवड्यातच मी नांदेडला गेले. बस अहमदपूरच्या स्टँडवर थांबली. तिथं आता रेकॉर्ड केलेल्या बाईचा आवाज गाड्या सांगतो. मी खिडकीतून बाबांच्या खिडकीकडे बघत राहिले, आणि पहिल्यांदाच वाटलं की आपल्या कामाचं काहीतरी होईल.

रविवारी सगळं घर विहारात गेलो. बाबांनी पांढरा सदरा घातला होता. वस्तीत बातमी फुटली होती, त्यामुळे गर्दी. बाबा दाराशी थांबले नाहीत. चपला काढल्या आणि सरळ पुढं गेले, आपल्या जुन्या जागी बसले. वायर टॅबला लावली. मेणबत्त्या लागल्या. त्यांनी पहिलं बटण दाबलं.

त्यांचा आवाज भोंग्यातून आला. लोकांनी ओळ म्हटली, म्हणताना किती जणांचे आवाज फुटले. बाबा थांबले. शेवटच्या म्हातारीचं होऊ दिलं. मग दुसरं बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा. मी बायकांच्या बाजूला बसले होते. बाबा बोट दाबत राहिले, एकदा हळू, एकदा जोरात. मग त्यांनी मान वर करून मला शोधलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, तेच मला सोसलं नाही. समोरचे एक वयस्क गृहस्थ हळूच म्हणाले, "राहू द्या दादा, आम्ही म्हणून घेतो." मागून कुणीतरी सूर धरला आणि वंदना चालू झाली. बाबांनी वायर काढली. उठले, आणि दाराशी चपलांजवळ जाऊन बसले.

घरी येताना धाकटी माझ्याशी बोलली नाही. मी भडकून म्हटलं, "मशीन म्हणजे मशीन, मी काय मुद्दाम केलं?" बाबांनी लिहिलं, "अर्धापूरच्या आचार्यांना सांगा." मी म्हटलं, "बाबा, आधी टॅब माझ्याकडे द्या. मला तो हातात पाहिजे. लांबून होत नाही." कारण काय सांगू, तो टॅब ते धाकटीशिवाय कधी कुणाला देतच नसत. माझ्या हाताला तो तोपर्यंत एकदाही लागला नव्हता. सोंगावर तपासलेलं सोंगावरच चालतं, हे मी ऑफिसातल्यांना फोनवर सुनावत असते.

त्यांनी टॅब माझ्या हातात दिला.

दुपारभर मी लॅपटॉप आणि टॅब घेऊन बसले आणि बाबा समोर रिकाम्या हातांनी. आई विचारायला आली, "भाकर खाता का भात?" बाबांचा हात टॅबसाठी मांडीवर गेला, तिथं टॅब नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आई म्हणाली, "राहू द्या, मला कळतं," आणि भाकर घेऊन आली. ते मुकाट्यानं जेवले. मला वाटलं, लवकर कर गं बाई, ह्या माणसाची जीभ तुझ्या हातात आहे.

घोडं कुठं पेंड खात होतं ते सापडलं. नव्या ब्राउझरला आवाज लाव म्हटलं की तो आधी उलट निरोप देतो, लावतो, लागला की कळवतो. माझं लिखाण त्या निरोपाची वाट बघायचं आणि मग पुढचं बटण उघडायचं. जुना ब्राउझर असला निरोप देतच नाही. लाव म्हटलं की गुमान लावतो. माझं लिखाण निरोपासाठी हात पुढं करायचं, हातात काहीच पडायचं नाही, आणि तिथंच ते मरायचं. करणार पण आधी सांगणार नाही. आयुष्यभर असाच माणूस घरात बघितला, तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. आईनं कुठली साडी आवडली म्हटलं की काही न बोलता आठवड्यानं ती कपाटात असायची.

मी निरोपाची वाट बघणं काढून टाकलं. वळकटी बांधल्यामुळे तो टॅब रखडतही होता, म्हणून ती सोडली आणि जे जे त्याला ठाऊक नाही ते स्वतःच्या हातानं साधं करून लिहिलं. शेवटून मोजायची एक नवी सोय मी वापरली होती, तीही बदलली. संध्याकाळच्या आत बाबांच्या हातात टॅब दिला.

त्यांनी आईला समोर बसवलं, धाकटीला बसवलं, मलाही. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. थांबत, आमचं ऐकत. त्रिशरण, पंचशील, सगळं. धाकटीनं माझा हात धरला आणि सोडला नाही. शेवटच्या मंगलापाशी आल्यावर मात्र बाबांनी टॅब खाली ठेवला. मी म्हटलं, "बाबा, तेवढं एक राहिलं. दाबून बघा."

त्यांनी लिहिलं, "ते तालमीत न्हाई. समोर नवरा-नवरी बसल्यावर."

मी म्हटलं, "अहो, तपासायचंय."

त्यांनी तेच पुन्हा बोटानं दाखवलं. ऑफिसच्या कामात मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. इथं माझाच बाप होता.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून मी पळत होते. पाहुण्यांचा चहा, हार, कुणाचं लेकरू कुठं, आचाऱ्याला मीठ कुठं. थोरली मुलगी म्हणजे लग्नात बिनपगारी गडी. वंदनेची वेळ झाली तेव्हा मी मंडपाच्या कडेला खांबाला टेकून उभी राहिले.

बाबा पुढं बसले. धाकटी पांढऱ्या साडीत, शेजारी नवरदेव. अर्धापूरच्या आचार्यांनी स्वतः उठून भोंग्याची वायर बाबांच्या टॅबला लावून दिली, आणि बाजूला बसले. बाबांनी बटण दाबलं. त्यांचा आवाज आला, लोकांनी म्हटलं. बाबा थांबले. मी डोळे मिटले. दुसरी ओळ आली. तिसरी आली. मागं एक लेकरू सगळ्यांच्या नंतर एकटंच जोरात म्हणायचं, बाबा त्याचंही होऊ द्यायचे. धाकटीचा आवाज मला त्या सगळ्यांत वेगळा ऐकू येत होता. बाबा देत होते आणि ती घेत होती. मला रडू आवरेना, आणि मी आवरलंही नाही.

प्रतिज्ञा आचार्यांनी वदवून घेतल्या आणि शेवटच्या मंगलासाठी बाबांकडे हात केला. बाबांनी दोघांकडे बघितलं आणि ते राहिलेलं बटण दाबलं.

मंगल झालं. मंडपानं साधु म्हटलं. आणि भोंगा थांबला नाही.

भोंग्यातूनही साधु आलं. माझा आवाज, आईचा, आणि त्यामागून अर्ध्या ओळीच्या अंतरानं ते घोगरं म्हातारं साधु. लोक एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या डोक्यात लख्ख पडलं. शेवटची खूण. नव्या चालीत यादीच्या शेवटून पहिलं मागता येतं. जुन्या चालीत उलटं मोजता येत नाही, आधी एकूण किती आहेत ते ठाऊक लागतं, मगच शेवटचं सापडतं. मी घाईत तिथं अर्धवट लिहिलं होतं, त्याला थांबायची जागाच मिळाली नव्हती, आणि जुन्यानं आपल्या सवयीप्रमाणे तक्रारही केली नव्हती. मी वायर ओढायला धावले.

बाबांनी हात वर केला. थांब.

भोंग्यातून खाट कुरकुरल्याचा आवाज आला. मग बाबांचा आवाज, वंदनेचा नव्हे, घरातला.

"झालं. बंद कर आता, मोठे. अन् आधी जाऊन काहीतरी खा. सकाळधरनं उपाशी जिने चढून-उतरून राहिली. मी कुठं पळून जात न्हाई."

आणि माझा आवाज, "हाव बाबा."

मग खरखर, आणि संपलं.

मी बाबांपासून चार हातांवर उभी होते. हे माझं होतं. मला म्हणून, माझं नाव घेतल्यासारखं, ते हे बोलले होते, आणि मी फोन पिशवीत टाकून विसरून गेले होते. किती महिने मी ते शोधत होते आणि ते माझ्याच फोनमध्ये होतं.

बाबांनी टॅब खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग पाची बोटं एकत्र करून तोंडाकडे नेली. जेवलीस का?

सकाळपासून चहाशिवाय पोटात काही नव्हतं. मी नाही म्हणून मान हलवली आणि तिथंच मोठ्यानं रडले. धाकटी नवरीच्या साडीत रडत-हसत म्हणाली, "ताई, जेव ना गं आधी." आचाऱ्यानं पंगत लागायच्या आधीच मला ताट वाढलं. बाबा शेजारी उभे राहिले आणि मी पहिला घास खाईपर्यंत हलले नाहीत.

ती चूक मी दुरुस्त केलेली नाही. करायला दोन मिनिटं लागतील. बाबा आता दर रविवारी पुढं बसतात. शेवटचं मंगल झालं की स्वतःच चटकन वायर काढतात, पुढचं कुणाला ऐकू देत नाहीत. मी नांदेडला गेलेली असले की मात्र वायरीला हात लावत नाहीत, चालू देतात. सगळा विहार शांत बसून ते ऐकतो. मी हाव बाबा म्हणते, चपला घालते आणि घरी जेवायला जाते.